मी बेंजो शिकले

आमच्या अंजूर गावात पूर्वी हळदीला आणि गणपती विसर्जनाला बेंजो पार्टी यायची. माझे काका तिच्यात बेंजो वाजवायचे. आता लोक डीजे सांगतात. काकांचा बेंजो कपाटावर कापडात गुंडाळून ठेवला होता. काका म्हणाले, "इकून टाकू." मला लई वाईट वाटले. मी म्हटले, "काका, आधी मला शिकव, मग वीक."

काका म्हणाले, "मना सारेगम नाय म्हायत. गाना ऐकाचा न वाजवाचा." म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी मला भिवंडीला पाच दिवसांच्या शिबिरात नेले.

तिथल्या सरांकडे मेंडोलिन होते. त्याला आठ तारा असतात. दोन दोन तारा एका सुरात लावतात, म्हणजे चार जोड्या होतात. एका जोडीला सा धरला तर तिच्या पुढच्या, उंच सुराच्या जोडीचा सूर प येतो. मेंडोलिनची तार बोटाने दाबतात. माझे बोट खूप दुखले. बेंजोची तार बटणाने दाबतात. दोन्ही वाद्ये प्लॅस्टिकच्या छोट्या तुकड्याने छेडतात.

सरांनी सांगितले, तार आखूड झाली की सूर उंच होतो. मी घरी पट्टीने मोजले. आमच्या बेंजोची तार ४८ सेंटिमीटर आहे. मोकळ्या तारेला सा म्हटले, तर ३२ सेंटिमीटरवर प आला. बरोबर अर्ध्यावर, २४ सेंटिमीटरवर, वरचा सा आला! सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र, असे बारा सूर असतात. म्हणून बाराव्या बटणावर पुन्हा सा येतो.

आपला बेंजो जपानी वाद्यावरून आला. गोरो मोरिता यांनी १९१२ साली नागोया शहरात ताईशोगोतो नावाचे वाद्य बनवले. त्याला टाइपरायटरसारखी बटणे होती. अमेरिकेतला बेंजो वेगळा, डफासारखा गोल. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी तो तिथे बनवला. तिथल्या ब्लूग्रास नावाच्या संगीतात तो बेंजो आणि मेंडोलिन एकत्र वाजतात.

तिसऱ्या दिवशी मी खुंटी जास्त पिळली. तार फटकन तुटली आणि हाताला लागली. मला वाटले, काका ओरडतील. पण त्यांनी गुपचूप नवी तार लावली.

घरी आल्यावर मी बटणांवर कागदाचे तुकडे चिकटवून सा, रे, ग लिहिले. काकांनी एक चाल वाजवली. मी बटणे बघून सूर वहीत लिहिले. काका वही बघून म्हणाले, "यो मी वाजवला?" मग त्यांनी अजून तीन चाली वाजवल्या.

माझा ग अजून चुकतो. पण गणपतीत घरची आरती मी बेंजोवर वाजवणार आहे. काकांनी बेंजो विकला नाही. तो आता कपाटावर नाही, खाटेवर असतो.

तुमच्या घरात एखादे जुने वाद्य असेल तर ते विकू नका. आधी घरच्या माणसांना वाजवायला सांगा आणि सूर वहीत लिहून घ्या.

— इयत्ता चौथी