हिमोग्लोबिनची तपासणी आणि एक फिकट पिवळे द्रावण

गेल्या देणगीदार मेळाव्यात आमच्या एका ज्येष्ठ हितचिंतकांनी जमाखर्चाच्या पत्रकातील एका नोंदीवर बोट ठेवले. ‘प्रयोगशाळा : रसायन सुरक्षा’ अशी ती नोंद होती. "यंत्रे घेतलीत हे समजले, औषधे घेतलीत हेही समजले, पण हा खर्च नेमका कशावर?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर सभेत दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. ते येथे सविस्तर देत आहोत.

आपल्या रुग्णालयात सर्वाधिक होणाऱ्या तपासण्यांपैकी एक म्हणजे हिमोग्लोबिनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे आढळले. गर्भवतीचे हिमोग्लोबिन प्रतिडेसिलिटर ११ ग्रॅमच्या खाली असेल तर तिला रक्तक्षय आहे असे धरतात आणि ७ च्या खाली असेल तर तो तीव्र समजतात. रक्तदात्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. म्हणजे एका आकड्यावर लोहाच्या गोळ्या द्यायच्या, की तातडीने दाखल करून रक्त चढवायचे, हे ठरते. हा आकडा एका ग्रॅमने चुकला तरी निर्णय चुकू शकतो.

पूर्वी ही तपासणी साहली पद्धतीने होत असे. नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे, त्यात रक्त सोडायचे, तपकिरी रंग आला की पाणी घालत घालत तो शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. रंग जुळला की नाही हे तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून! सकाळच्या उजेडात आणि संध्याकाळच्या दिव्याखाली एकाच रुग्णाचे दोन आकडे येत. ही अडचण ज्या पद्धतीने दूर केली तिला तिच्या संशोधकाच्या नावावरून ड्रॅबकिन पद्धत म्हणतात. १९६० च्या दशकात रक्तशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय मानक समितीने तिला संदर्भ पद्धत म्हणून मान्यता दिली, आणि पुढे दीर्घकाळ आपल्याकडील लहानमोठ्या प्रयोगशाळांचा भार तिनेच वाहिला.

ड्रॅबकिन द्रावण दिसायला निरुपद्रवी असते. फिकट पिवळे, स्वच्छ, पाण्यासारखे पातळ. त्याच्या एक लिटरमध्ये सुमारे २०० मिलिग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड आणि ५० मिलिग्रॅम पोटॅशियम सायनाइड असते. हे दुसरे नाव वाचून वाचक दचकतील. ते साहजिक आहे. पाच मिलिलिटर द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे एक लहानसा थेंब, मिसळला जातो. रक्तपेशी फुटतात. फेरीसायनाइड हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप बदलते आणि सायनाइड त्या बदललेल्या लोहाला घट्ट धरून बसते. तयार होणारा रंग इतका स्थिर असतो की ५४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात त्याचे माप यंत्राने बिनचूक घेता येते. डोळ्यांचा अंदाज संपला.

रुग्णांच्या आप्तांसाठी एक खुलासा आवश्यक वाटतो. हे द्रावण रुग्णाच्या शरीरात कधीही जात नाही. रक्त बाहेर काढल्यानंतर नळीत त्याच्याशी मिसळते, इतकेच.

आता धोक्याविषयी. प्रौढ माणसाला सुमारे २०० ते ३०० मिलिग्रॅम पोटॅशियम सायनाइड प्राणघातक ठरू शकते. एका तपासणीच्या नळीत त्याचे प्रमाण पाव मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तेव्हा एखादी नळी सांडली तर हातमोजे घालून पुसून घ्यावी, हात धुवावेत. घाबरून पळापळ करण्याचे कारण नाही. खरा धोका दोन ठिकाणी आहे. पहिला, द्रावण प्रयोगशाळेतच तयार करण्यासाठी ठेवलेली सायनाइडच्या भुकटीची बाटली. दुसरा, आम्ल.

आम्लाचा संपर्क झाला की द्रावणातील सायनाइड हायड्रोजन सायनाइड या वायूच्या रूपाने बाहेर पडते. हा पदार्थ सुमारे २६ अंश सेल्सियसलाच उकळतो. आपल्याकडील उन्हाळ्यात तो द्रवरूपात टिकणार तरी कसा? त्याला कडू बदामासारखा वास येतो असे पुस्तकांत लिहिलेले असते. परंतु अनेकांच्या नाकाला तो वास जन्मतःच कळत नाही. म्हणून वासावर विसंबून राहणे धोक्याचे. हे विष पेशीतील ज्या घटकामुळे प्राणवायूचा उपयोग होतो त्यालाच जखडते. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. आमच्या भागातील शेतकऱ्यांना याची ओळख वेगळ्या वाटेने आहे. पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत हेच विष निर्माण होते आणि ती खाऊन जनावरे पाहता पाहता दगावतात.

येथे एक विलक्षण गोष्ट सांगावीशी वाटते. सायनाइडच्या विषबाधेवर नायट्राइट हे एक जुने औषध आहे. ते रुग्णाच्या काही हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप बदलते. मग ते लोह सायनाइडला आपल्याकडे ओढून घेते आणि पेशी मोकळ्या होतात. आमच्या नळीत जे घडते तेच, परंतु येथे शरीरात आणि जीव वाचविण्यासाठी! त्यानंतर दिले जाणारे थायोसल्फेट उरलेल्या सायनाइडला मूत्रावाटे बाहेर पडेल असे रूप देते. हायड्रॉक्सोकोबालामिन हे औषध तर सायनाइडशी जुळून चक्क बी-१२ जीवनसत्त्व होते. मात्र ही औषधे हाताशी असतीलच असे नाही. तोवर बाधिताला मोकळ्या हवेत नेणे, दूषित कपडे उतरविणे, त्वचा पाण्याने धुणे आणि प्राणवायू देणे हेच करायचे असते. तोंडाने श्वास मात्र देऊ नये. तसे करणाऱ्यालाही बाधा होऊ शकते.

आता आमच्याच घरातील एक प्रसंग. तो लपवून ठेवावा असे काही विश्वस्तांना वाटले होते. तो सांगावा असे आम्हाला वाटले. मुदत संपलेल्या ड्रॅबकिन द्रावणाच्या काही बाटल्या काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतील मोरीत ओतून दिल्या गेल्या. त्याच सकाळी सफाई करणाऱ्या मावशी फरशीवरचे डाग काढण्यासाठी अ‍ॅसिडची बाटली घेऊन तेथे आल्या. बाजारात मिळणारे ते अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लच. आमच्या एका तंत्रज्ञाच्या ते वेळीच लक्षात आले. "मावशी, झाकण उघडू नका, बाहेर या," एवढेच त्यांनी सांगितले. कोणासही इजा झाली नाही. परंतु मोरी लहान, खिडकी बंद आणि नळ कोरडा होता.

चौकशीत जे निदर्शनास आले ते आमच्यासाठी लाजिरवाणे होते. धोक्याची पाटी भिंतीवर होती, लाल अक्षरांत होती, आणि ती इंग्रजीत होती. साहली पद्धतीचे आम्ल आणि ड्रॅबकिन द्रावण एकाच फडताळात शेजारी शेजारी ठेवलेले होते. जुन्या सवयीने एकदोन जण रबरी नळी लावून तोंडाने पिपेट भरत असत. मावशींची चूक कोठेच नव्हती. त्यांना कोणी काही सांगितलेलेच नव्हते.

त्यानंतर जे बदल केले त्यांचाच खर्च त्या नोंदीत आहे. प्रयोगशाळेच्या हद्दीत सफाईसाठी अ‍ॅसिड पूर्णपणे बंद केले. फरशी आता साबणाच्या द्रावणाने धुतली जाते. पाटी वाचली जाईल या भरवशावर राहण्यापेक्षा धोक्याची वस्तू तेथे नसणे बरे, असे आमचे मत झाले आहे. सूचना मराठीत लिहिल्या आणि वाचता न येणाऱ्यांना तोंडी समजावून दिल्या, तेही कामाच्या वेळेत. तोंडाने पिपेट भरणे बंद झाले. रबरी फुगे आणि यांत्रिक पिपेट घेतले. वापरलेले द्रावण सीलबंद कॅनमध्ये वेगळे साठविले जाते. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये असा रासायनिक कचरा पिवळ्या वर्गात येतो. तो निष्प्रभ करताना द्रावण आधी अल्कधर्मी करून मगच हायपोक्लोराइट घालावे लागते. हे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करायचे असते, कारण क्रम चुकला तर सायनाइडचेच दुसरे विषारी संयुग तयार होते आणि हायपोक्लोराइट आम्लात पडले तर क्लोरीन वायू सुटतो.

सर्वांत मोठा भाग नव्या अभिकर्मकाचा आहे. सोडियम लॉरिल सल्फेट वापरून सायनाइडविना हिमोग्लोबिन मोजण्याची पद्धत १९८० च्या दशकापासून ज्ञात आहे. आम्ही ती स्वीकारली आहे. हा रंगही स्थिर असतो आणि मापन तितकेच विश्वासार्ह असते. मग ती आधी का स्वीकारली नाही? प्रामाणिकपणे सांगायचे तर ड्रॅबकिन द्रावण स्वस्त होते, सर्वत्र मिळत होते आणि हाताला सरावाचे झाले होते. धर्मादाय संस्थेत स्वस्त हा शब्द फार वजनदार असतो. बदलताना काही आठवडे प्रत्येक नमुना दोन्ही पद्धतींनी तपासून आकडे जुळवून पाहिले, त्यासाठी नियंत्रण नमुने विकत घ्यावे लागले, आणि त्या काळात तंत्रज्ञांचे काम दुप्पट झाले. त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही, याची नोंद येथे कृतज्ञतापूर्वक करीत आहोत.

सायनाइडच्या भुकटीची शेवटची बाटली आजही कुलूपबंद कपाटात आहे. किल्ली प्रयोगशाळा प्रमुखांकडे असते आणि बाटलीचे वजन दर महिन्याला दोन सह्यांनिशी नोंदवहीत लिहिले जाते. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे ती सोपविण्याचा पत्रव्यवहार सुरू आहे. तिची वाहतूक आणि विल्हेवाट यांचे शुल्क पुढील वर्षीच्या पत्रकात याच नोंदीखाली दिसेल.