विमानतळ ‘हरित’ झाला, मग विमानाचा धूर कुणाच्या खात्यात?

मुंबई विमानतळाची सगळी वीज आता अक्षय ऊर्जेतून येते, असं २०२२ मध्ये जाहीर झालं. कोची विमानतळानं हे त्याआधीच करून दाखवलं होतं. १८ ऑगस्ट २०१५ ला १२ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू करून तो जगातला पहिला पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा विमानतळ ठरला. अशा बातमीखाली एक कमेंट हमखास असते: “मग विमानं पण उन्हावर उडतात का?”

टोमणा असला, तरी प्रश्न नेमका आहे.

हिशोब कसा मांडतात?

विमानतळाचं किंवा बंदराचं उत्सर्जन तीन खात्यांत लिहिलं जातं. पहिलं, स्वतः जाळलेलं इंधन, म्हणजे जनरेटर, स्वतःच्या गाड्या वगैरे. दुसरं, विकत घेतलेली वीज. तिसरं, तिथे येणाऱ्या इतरांचं उत्सर्जन: विमानं, जहाजं, ट्रक, तुमची-आमची टॅक्सी. ‘१०० टक्के हरित’ हा दावा बहुतेक वेळा दुसऱ्या खात्याबद्दल असतो. सगळ्यात मोठं खातं मात्र तिसरं.

आंतरराष्ट्रीय उड्डाणं आणि सागरी वाहतूक यांचं उत्सर्जन तर कुठल्याच देशाच्या एकूण आकड्यात धरलं जात नाही. ते वेगळं नोंदवलं जातं आणि त्याचे नियम ठरवायचं काम संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांकडे आहे: विमानांसाठी इकाओ, जहाजांसाठी आयएमओ.

उभ्या विमानाला इंधन कशाला?

गेटवर उभ्या विमानातही दिवे आणि एसी चालू असतात. त्यासाठी शेपटीत एक छोटं टर्बाइन असतं, त्याला एपीयू म्हणतात. एअरबस ए३२० सारख्या विमानात ते तासाला साधारण शंभर किलोच्या आसपास इंधन जाळतं. यावर उपाय सोपा आहे. गेटवरूनच वीज आणि थंड हवा द्यायची, एपीयू बंद ठेवायचं. गेटपासून धावपट्टीपर्यंत विमान ओढून नेणारं ‘टॅक्सीबॉट’ हे वाहनही आहे. त्यामुळे तेवढा वेळ विमानाची मुख्य इंजिनं बंद ठेवता येतात. २०१९ मध्ये एअर इंडियानं दिल्लीहून मुंबईला निघालेल्या, प्रवासी असलेल्या विमानासाठी ते वापरलं होतं.

बंदरात गोष्ट अवघड होते

धक्क्याला लागलेलं जहाजही आतून बंद नसतं. पंप, खलाशांचं स्वयंपाकघर, फळं-मासळीचे थंड कंटेनर, सगळं जहाजाच्या सहायक इंजिनांवर चालतं. माल उतरेपर्यंत, कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त. तो धूर बंदराशेजारच्या वस्तीवर जातो. न्हावाशेवाच्या बाबतीत म्हणजे उरणच्या बाजूला.

यावरचा उपाय म्हणजे ‘शोअर पॉवर’: किनाऱ्यावरून केबल जोडायची आणि इंजिन बंद करायचं. याचं जुनं नाव ‘कोल्ड आयर्निंग’. कोळशावर चालणारी जहाजं बंदरात थांबली की त्यांची लोखंडी इंजिनं थंड पडायची, त्यावरून हे नाव आलं असं सांगतात. स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदरात २००० पासून मालवाहू जहाजांना अशी उच्च दाबाची वीज मिळते. कॅलिफोर्नियानं २००७ मध्ये नियम केला आणि २०१४ पासून तो लागू झाला.

मग आपल्याकडे अडतं कुठे? आपल्या ग्रिडची वीज ५० हर्ट्झची, तर बऱ्याच मोठ्या जहाजांवरची यंत्रणा ६० हर्ट्झची. त्यामुळे मधे महागडा कन्व्हर्टर लागतो. बंदर म्हणतं, जहाजांना जोडणीच नाही तर खर्च का करू? जहाज कंपनी म्हणते, बंदरात वीजच नाही तर जोडणी का बसवू?

आणखी एक गोष्ट जाहिरातींत येत नाही. भारतातली बहुतांश वीज कोळशाची आहे. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि जहाजाचं डिझेल इंजिनही साधारण तेवढाच सोडतं. म्हणजे साधी ग्रिडची वीज दिली, तर उरणच्या हवेतली काजळी आणि गंधकाचा धूर कमी होईल. तोही मोठाच फायदा आहे. पण हवामान बदलाच्या हिशोबात फारसा फरक पडणार नाही. त्यासाठी वीजही सौर किंवा पवनच हवी.

सरकारचं लक्ष्य काय?

केंद्रानं मे २०२३ मध्ये ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वं आणली. एक टन माल हाताळताना होणारं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के कमी करायचं आहे. ‘टनामागे’ हा शब्द नीट वाचा. माल दुप्पट झाला, तर टनामागचं उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटूनही एकूण उत्सर्जन वाढतंच. वाढवणसारखं प्रचंड बंदर उभं राहत असताना हा फरक किरकोळ नाही.

दरम्यान, दबाव बाहेरून येतोय. युरोपीय संघाच्या नियमानुसार २०३० पासून तिथल्या मोठ्या बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांना किनाऱ्यावरची वीज किंवा तितकाच स्वच्छ पर्याय वापरावा लागेल. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जाणारी मोठी कंटेनर जहाजंही त्यात आली. त्यामुळे ‘जहाजांना जोडणीच नाही’ हे बंदरांचं कारण फार वर्षं टिकणार नाही.