तीन पिढ्यांचा पुरावा

माझी आजी सरपणाच्या मोळ्या विकून घर चालवायची. एकदा नाकेदाराने तिची कुऱ्हाड हिसकावली, दंडही उकळला. पावती दिली नाही. घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. वनहक्क कायदा वाचायला घेतला तेव्हा ती न मिळालेली पावती आठवली. आज ती आमचा पुरावा झाली असती.

जंगलाचे नियोजन म्हणजे खात्याची कार्य आयोजना: कोणत्या साली कोणता कूप तोडायचा, किती तोडायचा. १८७८ आणि १९२७ च्या कायद्यांनी जंगल सरकारचे केले आणि मोळीवालीला गुन्हेगार. २००६ च्या कायद्याने जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन ग्रामसभेचा हक्क मानला. १९२७ च्या कायद्यात बांबू 'झाड' होता, २००६ च्या कायद्यात तो 'गौण वनोपज' झाला. एका शब्दाने मालक बदलला! गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून तिथली ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली.

पण याच जंगलपट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांचे काय? कायद्याच्या भाषेत आपण 'इतर पारंपरिक वननिवासी'. आदिवासींना जी अट नाही (नसावीच), ती आपल्याला आहे: १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे. १९३० साली मालगुजाराचे नाव कागदावर होते. त्याच्या गड्याचे नाव कोण लिहीत होते?

इथे कार्यकर्त्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण दावे इथेच अडवले जातात. ७५ वर्षांची अट त्या भागातल्या रहिवासाची आणि जंगलावरच्या उपजीविकेची आहे. कसत्या जमिनीच्या ताब्याची नाही. ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला की पुरे. शिवाय अमुकच कागद आणा, असा हट्ट समित्यांना धरता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तो मना आहे. जुनी विहीर, मसणवटा हेही पुरावे आहेत. दावेदार सोडून इतर वृद्धांचा जबाबही, मात्र तो लिहून घेतलेला हवा. आणि एकच पुरावा देऊन थांबू नये.

मागल्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन मी असे जबाब लिहायला बसलो. एका म्हातारीला साल सांगता येईना. मग म्हणाली, "चांद्याच्या दीक्षेला गेलो तवा मी लग्नाची झाली होती. माहा आजा त्याच्याही आधीपासून इथंच मोहफुलं वेचे." चांद्याची दीक्षा १९५६ ची. पोरांनी तिथून मागे मोजायला सुरुवात केली.