वाट बुजू नये म्हणून

कान टोचल्यावर भोकात तार का ठेवतात? न ठेवल्यास शरीर ते भोक बुजवून टाकते. जखम भरून काढणे हा शरीराचा धर्मच आहे. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत मात्र हाच धर्म आड येतो.

डोळ्याच्या पुढील भागात दर मिनिटाला सुमारे २ ते ३ घन मिलिमीटर द्रव तयार होतो आणि तेवढाच बाहेर झिरपतो. ही वाट तुंबली की डोळ्यातील दाब वाढतो. निरोगी डोळ्यात तो साधारणतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर स्तंभाइतका असतो. वाढलेल्या दाबाने डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू हळूहळू मरतात. गेलेली दृष्टी परत येत नाही.

औषधांनी दाब उतरला नाही, तर शल्यविशारद डोळ्याच्या पांढऱ्या आवरणात द्रवासाठी नवी वाट करतात. केर्न्स यांनी १९६८ साली वर्णन केलेली ही पद्धत आजही वापरात आहे. बाहेर आलेला द्रव वरच्या पातळ पापुद्र्याखाली जमून शोषला जातो. परंतु तेथे तंतू विणणाऱ्या पेशी धावून येतात, वण तयार होतो आणि वाट बुजते!

हे टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी मायटोमायसिन-सी या औषधात भिजवलेला बोळा तेथे काही मिनिटे ठेवतात. औषध लवकरच निघून जाते. वण मात्र कित्येक आठवडे बनत राहतो. मग मात्रा वाढवावी काय? तसे केल्यास पापुद्रा फार पातळ होतो, द्रव गळतो आणि जंतूंना आत शिरण्यास वाव मिळतो.

येथे भौतिकशास्त्र मदतीस येते. फिक यांनी १८५५ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, पटलातून पदार्थ किती वेगाने पसरेल हे दोन्ही बाजूंच्या संहतींतील फरकावर आणि पटलाच्या जाडीवर अवलंबून असते. पटल जाड केले की वेग कमी होतो. म्हणजे औषध बहुवारिकाच्या चकतीत कोंडून ते थोडे थोडे, दीर्घकाळ सोडता येईल. लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांपासून बनवलेले बहुवारिक तर शरीरात आपोआप विघटित होते. चकती काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया नको.

दाब उतरवणारे औषध असे हळूहळू सोडणाऱ्या, डोळ्यात ठेवायच्या कांडीला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. वण रोखणाऱ्या चकत्यांवर प्रयोग चालू आहेत. त्यांची खरी कसोटी एकच: जखम भरावी, पण वाट उघडी राहावी.

तोवर एक काम तुम्हीही करू शकता. काचबिंदूत बहुधा कडेची दृष्टी आधी जाते, त्यामुळे रोग्याला पत्ताच लागत नाही. घरातील चाळिशी उलटलेल्या मंडळींना डोळ्यांचा दाब तपासून घेण्यास सांगा.