दुसऱ्याच्या हाती असलेला परिच्छेद

टेक्सास राज्याची राजधानी असलेल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एकाच वर्गात बसविण्याच्या हुकमाची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा कागदोपत्री मिटलेला भेद शाळांच्या आवारात हाणामारीच्या रूपाने उफाळून आला, आणि शाळाखात्याने तेथील विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एलियट ॲरन्सन यांना पाचारण केले.

ॲरन्सन यांनी उपदेशाचा मार्ग धरला नाही. आपल्या विद्यार्थ्यांसह ते काही दिवस वर्गात नुसते पाहत बसले. शिक्षकाने प्रश्न विचारावा, पाचदहा हात वर व्हावेत, त्यांतील एकाची निवड व्हावी आणि त्याचे उत्तर बरोबर निघताच उरलेल्यांचे चेहरे पडावेत, असा तेथील शिरस्ता होता; म्हणजे सोबत्याच्या चुकीत आपला लाभ आहे, हा धडा वर्गाची रचनाच मुलांना नित्य देत होती. निरनिराळ्या जमाती केवळ शेजारी बसविल्याने पूर्वग्रह जात नाहीत, त्यांचा दर्जा समान आणि उद्दिष्ट समाईक असावे लागते, असे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच बजावून ठेवले होते.

ॲरन्सन यांनी तजवीज केली ती अशी. सहा-सहा मुलांचे मिश्र गट पाडून, जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रकाराच्या चरित्राचे सहा परिच्छेद गटात एकेकास वाटून दिले. परीक्षा मात्र प्रत्येकाने एकट्याने आणि संपूर्ण चरित्रावर द्यायची. समान परिच्छेद वाट्याला आलेली निरनिराळ्या गटांतील मुले आधी एकत्र बसून आपला मजकूर पक्का करीत आणि मग आपापल्या गटात परतून तो इतरांस शिकवीत; कच्च्या मुलाची अब्रू राखणारा हा मधला टप्पा मला साऱ्या योजनेचा कणा वाटतो.

एका गटात मेक्सिकन वंशाचा मुलगा सांगताना अडखळला, तशी सोबत्यांनी नेहमीप्रमाणे त्याची टर उडविली. देखरेखीस असलेली व्यक्ती रागावली नाही. थट्टा खुशाल करा, पण थट्टेने पुलित्झरच्या आयुष्याचा हा भाग तुम्हाला समजणार नाही आणि परीक्षा तासाभरावर आली आहे, एवढेच तिने सांगितले. थोड्याच दिवसांत तीच मुले त्याला नेमके प्रश्न विचारून माहिती काढून घेऊ लागली, आणि प्रश्न नीट विचारला की उत्तरही नीट येते, हे त्यांच्या ध्यानात आले. यात प्रारंभी करुणेचा लवलेश नव्हता, होता तो निखळ स्वार्थ. आपुलकी मागाहून आली. फळ्यावर रोज लिहिल्या जाणाऱ्या सुविचाराला हे साधले असते, असे मला वाटत नाही.

अशा वर्गांतील मुले एकमेकांना अधिक पसंत करू लागली, त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि गैरहजेरीही घटली, असे ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. विद्यार्जनाचा हिशेब मात्र इतका सरळ नाही: फ्रान्समधील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या पाच प्रयोगांत या पद्धतीने मुले अधिक शिकतात असे दिसून आले नाही. ऑस्टिनमध्ये मुळात भांडणे मिटवायची होती, गुण वाढवायचे नव्हते, हे खरे. परंतु प्रगतिपुस्तकापलीकडे काही न पाहणाऱ्या पालकाला हा युक्तिवाद पटवून देण्याचे काम शेवटी वर्गशिक्षकाच्याच गळ्यात पडते.