रजा मंजूर, चलो नागपूर!

माहीत आहे का, बायकोच्या ओढीने ऑफिसात हयगय केली तर काय होतं? थेट काव्य होतं! 'मेघदूता'तल्या यक्षाने कामात कुचराई केली, धनी भडकला आणि वर्षभराची ट्रान्सफर निघाली, तीही बायकोविना. पोस्टिंग कुठे? रामगिरीवर. हा रामगिरी म्हणजे नागपूरहून साधारण 50 किमीवरचं रामटेक, असं वा. वि. मिराशींसारखे संशोधक सांगतात. तेव्हा रजेचा अर्ज रीतसर टाका. त्या यक्षासारखी ढगाच्या हाती निरोप धाडायची पाळी येणार नाही.

आणि हो, नागपूर म्हणजे ताडोबा-पेंचला जाताना गाडी बदलायची जागा, असं समजत असाल तर वाघ एक दिवस उपाशी राहू दे. शहरातच भरपूर शिकार आहे.

भरपगारी सुट्टीचं गणित माहीत आहे का? 1945 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगारांना भरपगारी सुट्टीचा हक्क मिळाला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं कुणाकडे होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे! म्हणून पहिला स्टॉप दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह इथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. स्तूप बाहेरून भरीव वाटतो. आत पाऊल टाकलं की कळतं, अख्खा घुमट पोकळ आहे. इथे सेल्फीची घाई नको. दोघंही जरा गप्प बसा.

बसलात? आता उठा, भूक लागली असेल!

पोह्यांवर रस्सा? पुणेकरांनी भुवया उंचावल्या तरी हरकत नाही. नागपुरात पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. 'तर्री मारू का?' असं विचारलं की दचकू नका, मान डोलवा. दोघांत एकच प्लेट घेण्याचा रोमँटिक विचार मात्र सोडून द्या. तर्रीवरून भांडणं होतात.

पुढचा थांबा झिरो माईल. 1907 सालचा सर्वेक्षणाचा स्तंभ आणि सोबतीला चार उधळलेले घोडे. हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170 मैल, अशी अंतरंही कोरलेली! भारताचा मध्य इथेच, असं नागपूरकर छातीठोक सांगतात. काही जण तो मध्य प्रदेशात दाखवतात. तुम्ही वादात पडू नका, फोटो काढा.

सुट्टी टाकूनही न दिसणारा किल्ला माहीत आहे का? सीताबर्डीचा! नोव्हेंबर 1817 मध्ये आप्पासाहेब भोसले आणि इंग्रज यांची लढाई इथे झाली. आज किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांसाठी दारं उघडतात ती 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला रजा टाकावीच लागत नाही, नेमकी त्याच दिवशी!

गणितात 'पाय' म्हणजे किती? 3.14. वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल किती लांब? 3.14 किमी! खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्या डोक्यावर मेट्रो, आणि वरचे दोन्ही मजले खांबांच्या एकाच रांगेवर. 2022 मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. हे पाय-पुराण पायी न करता मेट्रोने करा. वाढदिवस किंवा प्री-वेडिंग शूट असेल तर अख्खी मेट्रो भाड्याने घेण्याचीही सोय नागपुरात केलेली आहे. प्रपोज करायचं राहिलं असेल तर बघा बुवा.

अजब बंगला माहीत आहे का? हे भुताचं घर नाही, 1863 सालचं मध्यवर्ती संग्रहालय आहे. नावातच सगळी पब्लिसिटी! फक्त सोमवारी जाऊ नका. सोमवारी तो रजेवर असतो.

डिसेंबरात येत असाल तर हॉटेल आधी बुक करा. कारण तेव्हा अख्खं सरकारच नागपूरला येतं. मध्य प्रांताची राजधानी राहिलेल्या या शहराला 1953 च्या नागपूर करारानुसार वर्षातून एक अधिवेशन मिळालं. आमदार, सचिव, फायली, मोर्चे, सगळं इथे. तुमचं वेकेशन, त्यांचं अधिवेशन!

पण माझी खास शिफारस पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी महाल आणि इतवारी या भागांत गर्दी अशी की जोडीदाराचा हात सुटला तर संध्याकाळीच भेट. निमित्त? मारबत नावाच्या पुतळ्यांची मिरवणूक! काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, आणि सोबत असतात भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंत सगळ्यांची टर उडवणारे बडगे. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत शहर सगळी पीडा गावाबाहेर नेऊन जाळतं. त्यात ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नावही मनात घेऊन टाका. कुणाला कळणार आहे?

संत्र्यांचं काय, असं विचारणारच तुम्ही. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय टॅग मिळाला. पण माहीत आहे का, संत्री वर्षातून दोनदा येतात? पावसाळा सरला की आंबिया बहार, उन्हाळ्याच्या तोंडावर मृग बहार. या दोन्हींत न सापडलेल्यांसाठी संत्रा बर्फी बाराही महिने हजर.

शेवटी रात्रीचं जेवण. सावजी! हलबा कोष्टी, म्हणजे विणकर समाजाच्या घरातून हॉटेलात आलेला हा रस्सा. काळपट, तेलाची तर्री आलेला, डोळ्यांत पाणी काढणारा. समोरची व्यक्ती रडताना दिसली तर हळवं होऊ नका. दुसरी भाकरी मागवा.