पुढची स्प्रिंग तुटली तर…

रत्नागिरीत माझं गॅरेज आहे. पावसाळा सरला की एक तक्रार हमखास येते: स्टिअरिंग वळवलं की पुढून ‘खटक्’ आवाज येतो. मी आधी गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही चाकांवरचं अंतर मोजतो. एक बाजू बसलेली दिसली, की चाक काढून बॅटरीच्या उजेडात स्प्रिंगचा खालचा वेढा बघतो. रंग उडालेल्या जागी गंज धरतो आणि बहुतेकदा स्प्रिंग तिथेच तुटते. तुटकं टोक टायर फाडू शकतं. बदलताना कॉम्प्रेसरने स्प्रिंग आवळल्याशिवाय शॉकअपचा वरचा नट सोडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग उसळली तर जीवावर बेततं. स्प्रिंगा जोडीनेच बदला, नंतर अलाइनमेंट तपासून घ्या. हे काम घरी करू नका. आवाज आला की गाडी लगेच दाखवा.